सात नंबरच्या बाकाची मास्तरीण

थोरलीच्या उजव्या अंगठ्यात जीव उरला नव्हता, आणि ते कुणाला कळू नये एवढ्या एका गोष्टीसाठी त्या उन्हाळ्यात तिची सगळी धडपड चालली होती.

दिसायला अंगठा धडधाकट. नखात माती, कडेला चाकूच्या जुन्या कापांचे पांढरे ओरखडे, पेर जाडजूड. पण टाचणी टोचली तरी त्याला पत्ता लागत नव्हता. एकदा चुलीत लाकूड सारताना त्याच्यावर निखारा पडला, तर चटका बसायच्या आधी तिला वास आला. स्वतःच्याच कातड्याचा वास! तिनं हात पाण्यात बुडवला, फडक्यात गुंडाळला आणि सासूला सांगितलं की विळी लागली.

नर्सरीत ती कापणारी होती. फळझाडांची कलमं बांधायचं काम. हिरव्या जाळीखाली लांबलचक शेड, शेडमध्ये ओळीनं बाकं, आणि एका बाकाला दोन बायका. एक कापणारी, एक बांधणारी. कापणारीनं चांगल्या झाडाची काडी दोन्ही अंगांनी पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या, म्हणजे मुळं धरलेल्या खालच्या रोपाला उभी चीर द्यायची आणि काडी त्या चिरेत अशी बसवायची की सालीला साल भिडली पाहिजे. मग बांधणारीनं प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची. काप चुकला की काडी वाळते. पट्टी सैल राहिली तरी वाळते. पण कापणारी उभी असते आणि बांधणारी उपड्या क्रेटवर बसलेली असते, त्यामुळे मान कुणाला आणि कंबरदुखी कुणाला हे आधीच ठरलेलं. सात नंबरच्या बाकावर थोरली उभी असायची आणि तिची धाकटी जाऊ बसलेली.

घरातही तेच. थोरलीनं या घरात पाऊल टाकलं तेव्हापासून चूल तिच्या गळ्यात होती. धाकटी नंतर आली, दहावी पास होऊन आली, आणि सासूला पहिल्या दिवसापासून गोड लागली. दोघींत भांडण म्हणावं असं कधी झालं नाही. भांडायला निदान एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागतं.

त्या वर्षी ऊन्ह नुसतं कोपलं होतं. जाळीखालीसुद्धा गरम वारा शिरायचा आणि काल हिरवी असलेली काडी आज काळी पडलेली दिसायची. मेलेली कलमं दर आठवड्याला उपटून शेडच्या मागे फेकली जात. मॅनेजर तो ढीग बघायला यायचा, शीळ घालत. आनंदाची शीळ नव्हे. या माणसाचं डोकं फिरलं की तो शीळ घालायचा, म्हणून बायका त्याला पाठीमागे शिट्टीच म्हणायच्या. शीळ जवळ आली की बोलणी बंद, आणि शीळ थांबली की कुणाचं तरी काही खरं नाही.

अशाच एका सकाळी शिट्टी एक खोकं घेऊन शेडमध्ये आला आणि त्यानं प्रत्येक बाकावर एकेक मोबाईल ठेवला.

"जुनी मुकादमीण आता येणार नाही, तिला दिसत नाही," तो म्हणाला. "तिच्या जागी तुमच्यातलीच एक घेणार. बारा महिने काम, उन्हातान्हात मरायचं नाही. पण परदेशातली माणसं रोपं बघायला येणार आहेत. त्यांच्याशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. या मोबाईलमध्ये शिकवणारी आहे. एआय. तिच्याशी बोलायचं. ती शिकवेल, तुमचं ध्येय विचारेल, ध्येय गाठायला मदत करेल. प्रगती दर शनिवारी मला दिसेल."

"एका बाकाला एकच?" तीन नंबरच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"चाकू किती लागतात बाकाला? एकच ना? मग!"

बायका हसल्या. प्रगती म्हणजे मार्क असतील असं सगळ्यांना वाटलं. त्यापलीकडे कुणी विचारलं नाही, आणि शिट्टीनंही सांगितलं नाही.

मोबाईलवरून घरी पहिल्याच दिवशी जुंपली. जेवायला बसताना धाकटीनं तो आपल्या पिशवीतून काढला.

"माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "मला वाचता येतं पटापट."

"वाचायचं कुठंय त्यात? बोलायचंय," थोरली म्हणाली. "बोलता मलाही येतं."

"ते माहितीये सगळ्यांना," सासू म्हणाली. थोरलीचा नवरा खाली मान घालून जेवत राहिला; बायकांच्या मध्ये पडायचं नाही हा त्याचा बाणा होता आणि तोच त्याचा आळसही होता. शेवटी सासूनंच निकाल दिला. दुपारच्या सुट्टीत थोरलीनं शिकायचं, संध्याकाळी घरी आल्यावर धाकटीनं. "आणि कुणालाही मिळू दे मुकादमी," सासू म्हणाली, "चूल एकच राहणार आहे या घरात. ते डोक्यात ठेवा दोघी."

थोरलीच्या डोक्यात नेमकं तेच होतं, पण उलट्या बाजूनं. घरामागं एक खोली रिकामी पडली होती. बारा महिन्यांचं काम हाती असलं तर सासूच्या तोंडावर सांगता येणार होतं की मी माझी चूल वेगळी मांडते. तिला दुसरं काही नको होतं. सकाळी उठल्यावर स्वतःपुरता, स्वतःच्या नवऱ्यापुरता चहा टाकायचा आणि तो कुणी नावं न ठेवता प्यायचा, एवढंच.

दुपारी ती खताच्या खोलीत जाऊन रिकाम्या पोत्यांवर बसली. खोलीत नाक धरावं असा वास होता, पण दुसरं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. तिनं मोबाईल चालू केला.

"नमस्कार, बाक सात," आतून बाईचा आवाज आला. गोड, धुतल्यासारखा स्वच्छ. "मी तुमची इंग्रजीची सोबतीण. आज तुम्हाला काय करायला आवडेल?"

"जेवायला आवडेल. डबा उघडायचाय अजून."

"छान! आय वॉन्ट टू ईट. म्हणा माझ्याबरोबर."

थोरलीनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं. आवाजानं शाबासकी दिली. तिनं पुन्हा म्हटलं. बाहेर येऊन तिनं बायकांना सांगितलं की आत एक मास्तरीण बसलीये आणि ती कशालाही शाब्बास म्हणते, शिंकलं तरी. सगळ्या शेडनं मग तिला मास्तरीणच म्हणायला सुरुवात केली.

दोनतीन दिवस काड्या, चाकू, रोप, माती यांची इंग्रजी नावं झाली. मग मास्तरणीनं विचारलं, "बाक सात, तुमचं ध्येय काय आहे? येत्या महिन्यात तुम्हाला नेमकं काय मिळवायचं आहे?"

तुला काय हवंय, असं थोरलीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, सासूनं तर नाहीच. काय करायचंय ते सगळे सांगायचे. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला, कारण विचारणारं शेवटी यंत्र होतं.

"मला मुकादमीण व्हायचंय," ती म्हणाली.

"उत्तम. नोंदवलं. रोज वाचून दाखवीन. आणखी?"

"वेगळी चूल मांडायचीय."

"नोंदवलं. आणखी काही?"

आता तोंड उघडलंच होतं. "माझी जाऊ माझ्या बाकावर नको. तिच्याशिवाय काम करायचंय मला. दिवसभर खाली बसून माझ्या हाताकडे बघत असते. डोळ्यांत काय असतं कोण जाणे."

"हे इंग्रजीत असं म्हणता येईल: आय वॉन्ट टू वर्क विदाउट हर. पण जाऊबाईंशी एकदा मोकळेपणानं बोलून पाहिलंत का?"

"तू इंग्रजी शिकव. शहाणपणा नको शिकवूस."

"ठीक आहे. म्हणा माझ्याबरोबर."

थोरलीनं ते वाक्य घोटलं. खतांच्या पोत्यांत बसून, पदार्थाची चव घ्यावी तसं ती ते तोंडात घोळवत राहिली. आय वॉन्ट टू वर्क विदाउट हर. इतकं नीटनेटकं वाक्य तिला आयुष्यात स्वतःहून सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बाकावर आली ती फुगलेलं तोंड घेऊन. क्रेट तिनं नेहमीपेक्षा हातभर लांब ओढलं. थोरलीनं रोप पुढे केलं की ती घ्यायची, बांधायची, ठेवायची. मान वर नाही.

"काय झालं गं तुला?"

"कुठं काय?"

"मग क्रेट का तिकडे नेलंस?"

"ऊन्ह येतंय इकडे," धाकटी म्हणाली. ऊन्ह कुठंच येत नव्हतं.

त्याच दिवशी चाकू पडला. थोरली काडी तासत होती, चाकूची मूठ अंगठ्यावर टेकलेली होती, निदान तिला तसं वाटत होतं. बघते तर चाकू खाली, धाकटीच्या पायाशी, मातीत टोकावर उभा. बोटभर अंतर चुकलं होतं. धाकटीनं चाकू उचलला, फडक्याला पुसला आणि मूठ पुढे करून थोरलीला दिला. तेव्हा मात्र तिनं मान वर केली. ती थोरलीच्या चेहऱ्याकडे नव्हे, अंगठ्याकडे बघत होती. बघतच राहिली.

"घामानं निसटला," थोरली म्हणाली.

"हं," धाकटी म्हणाली.

त्या एका 'हं'नं थोरलीचं डोकं उठलं. हिला कळलंय. कळलंय, आणि आता ही ते जपून ठेवणार, वेळ आली की काढणार. त्यानंतर ती प्रत्येक काडी दोन बोटांत धरून तासायला लागली, अंगठा बाजूला काढून. त्यानं हात लवकर भरून यायचा, खांद्यात कळ यायची. तरी तिची कलमं जास्त मरत होती. मागच्या ढिगात सात नंबरच्या चिठ्ठ्या लावलेली रोपं वाढत चालली होती, आणि तिकडे जाताना ती मान वळवून जायची.

पुढच्या दुपारी ती पोत्यांवर बसली आणि मास्तरीण नेहमीच्या गोडव्यानं म्हणाली, "पुन्हा स्वागत, बाक सात. काल संध्याकाळी तुम्ही सांगितलेलं वाक्य आधी म्हणू या, मग ध्येयं वाचू. माय सिस्टर-इन-लॉज थम्ब इज नम्ब. म्हणजे, माझ्या जाऊबाईंचा अंगठा बधिर झाला आहे. आता त्याच्या पुढचं—"

थोरलीनं मोबाईल पालथा घालून पोत्यावर आपटला. आवाज बंद झाला.

मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. मास्तरणीच्या लेखी या बाकावर एकच बाई होती. दुपारी बोलते तीही बाक सात आणि संध्याकाळी बोलते तीही बाक सात. म्हणजे तिचं पोटातलं धाकटीच्या कानात गेलं होतं आणि धाकटीचं तिच्या. म्हणून क्रेट लांब गेलं. आणि म्हणूनच हा अंगठा बाहेर आला! सूड घेतेय. दहावी पास. गोड तोंडाची. इंग्रजीत पाठ करतेय, म्हणजे साहेबलोक आले की त्यांच्यासमोर फाडफाड म्हणणार की माझ्या जावेचा अंगठा मेलाय, हिच्या हातात चाकू देऊ नका.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मोबाईल उचलला, मास्तरीण पुढे काय सांगत होती ते ऐकायला थांबली नाही.

"नवीन वाक्य सांग," ती म्हणाली. "माझी जाऊ पट्टी सैल बांधते. म्हणून आमची कलमं मरतात."

"माय सिस्टर-इन-लॉ टाइज द टेप लूजली. दॅट इज व्हाय अवर ग्राफ्ट्स डाय."

हे धडधडीत खोटं होतं. धाकटीची पट्टी सगळ्या शेडमध्ये घट्ट. तिची बोटं बारीक, पट्टी ताणताना ती ओठ मुडपायची आणि शेवटची गाठ अशी मारायची की सोडवायला नख लागावं. थोरलीला हे माहीत होतं. तरी तिनं ते वाक्य पाठ केलं, दहादा, वीसदा, जीभ वळेपर्यंत. शनिवारी शिट्टी आला की त्याच्या तोंडावर, त्याच्याच इंग्रजीत सांगायचं. धाकटीच्या आधी सांगायचं.

संध्याकाळी मोबाईल धाकटीकडे गेला. थोरली चुलीपाशी होती. मागच्या अंगणातून मास्तरणीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग आवाज थांबला. धाकटी आत आली, मोबाईल फळीवर ठेवला आणि ताटं घ्यायला लागली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी पट्टी सैल बांधते?"

"मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंत?"

"ताटं घे. सगळे बसलेत."

धाकटीनं ताटं घेतली. त्यानंतर शनिवारपर्यंत ती मोबाईलला शिवली नाही, आणि थोरलीनंही तो पुन्हा चालू केला नाही.

शनिवारी शीळ शेडच्या दाराशी आली, बाकांमधून सरकत सात नंबरपाशी पोचली आणि थांबली. थोरलीनं वाक्य जिभेवर तयार ठेवलं होतं. "माय सिस्टर-इन-लॉ..." तिनं सुरुवात केली.

"असू दे, असू दे," शिट्टी म्हणाला. "माझ्याकडे आलंय ते." त्यानं स्वतःचा मोबाईल वर धरला, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा बेतानं. "बाक सात. विद्यार्थिनी म्हणते, माझी जाऊ पट्टी सैल बांधते. बरं. हीच विद्यार्थिनी म्हणते, माझ्या जावेचा अंगठा बधिर आहे, तिच्या हातून चाकू पडतो." त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे एकच जाऊ सैल बांधतेही आणि बधिर हातानं कापतेही? दोन्ही कामं तीच करते? मग दुसरी काय हवा खाते?"

शेडमध्ये हशा पिकला. तीन नंबरवाली तर तोंडात फडकं कोंबून हसली.

"मी काही म्हणत नाही हं," शिट्टी म्हणाला. "तुमचं तुम्हीच म्हणताय. बघू या." त्यानं धाकटीपुढचं नुकतंच बांधलेलं रोप उचललं, काडी चिमटीत धरली आणि हिसडा दिला. पट्टी हलली नाही. त्यानं जोर लावला. रोपाची प्लॅस्टिकची पिशवी खाली राहिली आणि रोप मुळासकट, मातीसकट उपटून त्याच्या हातात आलं. पट्टी तशीच. माती त्याच्या बुटांवर पडली. आता कुणी हसलं नाही. सगळ्या बायका थोरलीकडे बघत होत्या.

धाकटी क्रेटवर बसूनच होती. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही.

"आता तुम्ही," शिट्टी थोरलीला म्हणाला. "काप द्या एक. अंगठा लावून. सगळ्या धरतात तसा."

थोरलीनं काडी घेतली. इतक्या नजरांखाली दोन बोटांची चलाखी चालणार नव्हती. तिनं चाकू धरला, अंगठा टेकवला आणि तासायला लागली. एक बाजू चांगली झाली. तिच्या जिवात जीव आला. दुसरी बाजू तासली, काडी खुंटाच्या चिरेत बसवली आणि रोप पुढे केलं. तेव्हा तीन नंबरवाली किंचाळली.

थोरलीला कळेना काय झालं. तिनं धाकटीकडे पाहिलं, तर धाकटी क्रेटवरून उठली होती. मग तिनं खाली पाहिलं. काडी लाल होती, रोप लाल होतं, बाकावर थेंब पडत होते. अंगठ्याची कड सोलून लोंबत होती आणि तिला मुंगी चावल्याइतकंसुद्धा काही वाटलं नव्हतं.

धाकटीनं आपल्या रिळाची पट्टी ओढली आणि तिचा अंगठा गुंडाळला. कलम बांधतात तसाच, ओठ मुडपून, शेवटी गाठ. गाठ बसली तसा तिनं हात सोडून दिला.

"कधीपासून माहीत होतं तुला?" शिट्टीनं धाकटीला विचारलं.

धाकटीनं रीळ बाकावर ठेवलं.

"माहीत होतं आणि माझ्यापाशी बोलली नाहीस. जावेचं झाकलंस आणि माझी रोपं मारलीस. ढीग बघून ये मागं." तो पुन्हा शीळ घालायला लागला, म्हणजे निकाल झाला होता. "सात नंबर बंद. दोघीही मातीवर. आणि वेगवेगळ्या ढिगांवर बसा, एकत्र बसून काय दिवे लावता ते दिसलं. मोबाईल ऑफिसात जमा करा."

मुकादमी तीन नंबरवालीला मिळाली. तिला इंग्रजी किती येत होतं देव जाणे, पण तिच्या मास्तरणीपाशी तिनं हवापाण्याशिवाय काही काढलं नव्हतं.

मोबाईल जमा करायला थोरलीच गेली. ऑफिसच्या ओसरीवर कारकून टेबल मांडून बसला होता.

"आधी ध्येयं बंद करा," तो म्हणाला. "ती विचारेल झालं का. हो नाहीतर नाही म्हणायचं. त्याशिवाय बंद होत नाही ते."

"तुम्हीच करा."

"आवाज तुमचा लागतो. दोघींपैकी कुणाचाही चालेल, तिला फरक कळत नाही."

थोरलीनं पट्टी बांधलेल्या हातानं मोबाईल तोंडापाशी धरला.

"नमस्कार, बाक सात. तुमची ध्येयं पाहू या. पहिलं, मुकादमीण होणं. झालं का?"

"नाही."

"हरकत नाही. दुसरं, वेगळी चूल. झालं का?"

"नाही." कारकून कान देऊन ऐकत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिसरं, जाऊबाईंशिवाय काम करणं. झालं का?"

थोरलीनं ओसरीवरून खाली पाहिलं. मातीचे ढीग तिथून दिसत होते. धाकटी एका ढिगाशी पाठमोरी बसली होती. पलीकडच्या ढिगाशी थोरलीसाठी रिकामं क्रेट ठेवलेलं होतं.

"झालं," ती म्हणाली.

"शाब्बास! चौथं. जाऊबाईंचा अंगठा डॉक्टरांना दाखवणं, त्यांना न दुखावता त्यांच्याशी हे कसं बोलायचं ते शिकणं, आणि तोवर मॅनेजरसाहेबांना कळू न देणं. झालं का?"

थोरलीनं मोबाईल तोंडापासून कानापाशी नेला.

"बाक सात? हो किंवा नाही म्हणा."

मास्तरीण रोज ध्येयं वाचून दाखवायची, वरपासून खालपर्यंत, एकही न गाळता. म्हणजे धाकटीनं आधी तिसरं ऐकलं होतं. ऐकून, रात्रभर गिळून, क्रेट हातभर लांब ओढून, चाकू पायाशी पडल्यावर तो पुसून परत देऊन, मग त्याच्या खाली तिनं हे चौथं सांगितलं होतं. त्या दुपारी पोत्यांवर मास्तरीण हेच सांगायला निघाली होती. आता त्याच्या पुढचं, म्हणाली होती. आणि आपण तिला पालथी घातली. थोरलीला तिथल्या तिथं जमिनीनं गिळावं असं वाटलं. पण जमीन गिळत नाही, आणि कारकून पेन वाजवत होता.

"बोला की बाई. मला आणखी कामं आहेत."

"नाही," थोरली म्हणाली. "नाही झालं."

"हरकत नाही. पुढच्या महिन्यासाठी ठेवू या का?"

"ठेव," ती म्हणाली. "ठेव गं."

कारकुनानं मोबाईल तिच्या हातातून घेतला, दोनतीनदा बोट फिरवलं आणि टेबलावरच्या खोक्यात टाकला. "पुसलं सगळं," तो म्हणाला. "दुसऱ्या बाकाला जाईल आता. जा."

ती ढिगाशी येऊन क्रेटवर बसली. मातीवर बसणाऱ्या बाईला पिशव्या भरायच्या असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गड्डी, एकीला दुसरी चिकटलेली. पिशवीचं तोंड अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचं, मग ते सुटतं, मग फुंकर मारून फुगवायचं आणि माती भरायची. लहान पोरालाही जमावं असं काम. थोरलीनं पिशवी धरली आणि चोळली. अंगठा पट्टीत होता, आणि पट्टीत नसता तरी त्याला तोंड कुठंय ते कळलं नसतं. तिनं डाव्या हातानं करून पाहिलं. पिशवी चुरगळली, सुटली नाही. ऊन्ह आता खरोखरच तिच्यावर येत होतं.

पलीकडे धाकटीच्या पिशव्या भराभर उभ्या राहत होत्या. चर्रर, फूं, माती. चर्रर, फूं, माती.

"अगं," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात थांबला.

थोरलीला पुढचं बोलता येईना. मराठीत येईना आणि इंग्रजीतही येईना. इतके दिवस पोत्यांत बसून तिनं एवढी वाक्यं घोटली, त्यात हे एक नव्हतं.

धाकटीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं आपलं क्रेट उचललं, ढिगाच्या पलीकडच्या अंगाला नेऊन ठेवलं आणि तिकडे तोंड करून बसली. चर्रर, फूं, माती.

थोरलीनं पिशवीची कड दातात धरली आणि ओढली. तोंडात माती आली. पिशवी उघडली, तशी ती डाव्या हातानं त्यात माती भरायला लागली.